चुन्याची रेघ

रेघ मी स्वतः मारली होती.
सकाळी सहाला, बेताळभाटीच्या कापलेल्या शेतात,
सुंभाचं एक टोक धरून कामिल,
दुसऱ्या टोकाला मी, हातात चुन्याचा गळका डबा.
भाताचे खुंट आडवे आले तिथे रेघ उडी मारून पुढे गेली.
तिला सरळ म्हणायचं ठरलं होतं, म्हणून ती सरळ.

संध्याकाळी फायनल, वार्क्याशी.
बक्षीस एक ढाल, आणि पाय बांधलेलं डुक्कर
जे सबंध सामनाभर ओरडत होतं.
गोलात कामिल. मी त्या दिवशी कुणाचाच नव्हतो,
शिट्टीचा होतो.

शेवटची चार मिनिटं. सूर्य नेमका माझ्या डोळ्यांत.
बोस्त्यांवने डोकं लावलं,
चेंडू आडव्या बांबूला आपटून सरळ खाली,
कामिलने मांजरासारखा ओढून पोटाशी घेतला.
धूळ.
हजारभर माणसं एकदम माझ्याकडे वळली.

मला दिसलं नव्हतं.
हे वाक्य रेफरीला म्हणता येत नाही.
म्हणून मी हात हलवला: खेळा.

लोक म्हणतात, चूक हा खेळाचाच भाग आहे,
यंत्रं आणलीत तर गंमत जाईल.
असेल. माझ्या घरी ती चूक
रोज रात्री पाट मांडून जेवायला बसायची.
मडगावच्या बाजारात वार्क्याची मासळीवाली विचारायची,
‘मास्तर, हे बांगडे तुम्हाला दिसतात ना?
नाही, आपलं विचारलं.’

अडतीस वर्षं.
मग परवा लग्नांचं शूटिंग करणारा एक जुना स्टुडिओ बंद झाला,
मालकाच्या मुलाने कॅसेटी मोबाइलवर उतरवल्या.
कुणाच्या तरी रोसाच्या आणि कुणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या मधे
अकरा सेकंद आमचं शेत.
मी चष्मा पुसला. थांबवून पाहिलं, दोन बोटांनी ताणून पाहिलं.
चेंडू आत होता.
वीतभर नाही, हातभर आत.

स्कूटर काढून वार्क्याला गेलो.
बोस्त्यांव बाल्कांवात बसला होता, मुलगा स्विंडनला, बायको नोव्हेनाला.
मोबाइल लांब धरून त्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं.
चेंडूकडे बघत नसावा,
स्वतःच्या पायांकडे बघत होता;
त्या पायांना तेव्हा गुडघे होते.
मग म्हणाला, ‘कामिलाक दाखयनाकात.
त्या एका झेलावर अजून त्याला कोणी ना कोणी फेणी पाजतं.’
मी म्हटलं, त्याला माहीत आहे रे. सुंभ त्यानेच धरलं होतं.
‘तेंच म्हणटां,’ म्हणाला,
आणि मला काजू पुढे केले.

यंदा पोरांनी गोलामागे बांबूला मोबाइल बांधलाय.
वाद झाला की रेफरी जाऊन बघते.
प्रेसिला तिचं नाव, कोलव्याच्या पाववाल्याची नात.
काल ती गेली, वाकली, कपाळावर हात धरून बघू लागली.
माझ्या शेजारचे म्हातारे करवादले, हा काय फुटबॉल?
मी घड्याळ लावून बसलो होतो.
चाळीस सेकंद.
मी मनात म्हटलं, घे पोरी, अजून घे.

पण ती उठेना.
चेंडू लख्ख दिसत होता म्हणे,
रेघच पुसली होती कीपरच्या बुटाने.
तिने मान वर केली, आणि हजारभर माणसांकडे
तिने जसं पाहिलं,
ते पाहणं मला पाठ आहे.

मग तिने हात केला. कुठल्या बाजूला, ते असू दे.
शेत रिकामं झाल्यावर मी तिला गाठलं.
विचारलं, चुना कोण मारतं तुमच्यात?
‘कोणही मारता,’ म्हणाली.
म्हटलं, उद्या सकाळी सहाला ये.
सुंभ अजून आहे माझ्याकडे.